नळोजीरावांची ड्यूकगिरी

नळोजीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. नळ, बेसिन, फरशा आणि संडासाची भांडी यांचं त्यांचं दुकान. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मेहुण्यानं गमतीत हे नाव दिलं आणि ते असं घट्ट बसलं की पुढं सासूबाईही त्याच नावानं चौकशी करू लागल्या. नळोजीरावांनी ते मनावर घेतलं नाही. थट्टा करावी, थट्टा सोसावी, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यामुळं त्या रविवारी आपण काही भयंकर करतोय, असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं.

सासूबाईंकडं जेवणं उरकली होती. मेहुण्याचे नेहमीचे विनोद संपले होते. सगळे जडावून बसले होते आणि नळोजीरावांची बायको खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन आपलं पुस्तक वाचत होती. तिची पुस्तकं सगळी एका जातीची. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, मुखपृष्ठावर घोडा नाहीतर वाडा, त्याच्यापुढं उघड्या गळ्याच्या सदऱ्यातला एक संतापलेला तरुण, कधी ड्यूक, कधी अर्ल, म्हणजे कुणीतरी बडा सरदार. ती दिवसभर रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लोकांना सुया टोचायची आणि घरी आली की या तरुणांच्यात रमायची.

ती पाणी प्यायला उठली, तेवढ्यात नळोजीरावांनी पुस्तक उचललं. घसा खाकरला. एक हात छातीवर ठेवला.

"'ड्यूकनं तिच्या हातमोज्याचं शेवटचं बटण सोडवलं,'" ते नाटकी आवाजात वाचू लागले, "'आणि तिच्या मनगटावरची ती नाजूक निळी शीर पाहून त्याच्या पोलादी काळजाला पहिल्यांदाच तडा गेला.' अगं, शीर बघून याचं हे होतं, तर तुझ्या लॅबमध्ये हा दिवसाला किती वेळा मरेल!"

मेहुणा खुर्चीतून पडायच्या बेतात आला. त्याच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. सासूबाईंना नीट ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून त्याही हसल्या. बायको दारात ग्लास घेऊन उभी होती. तीही हसली. मग तिनं पुस्तक घेतलं, मिटलं, पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "निघू या का?"

बस्स. एवढंच झालं.

पुढचे काही दिवस घरात कमालीची शांतता होती. नळोजीरावांना वाटलं, किती छान! जेवण वेळेवर, बोलणं गोड, तक्रार नाही. पंखा बंद पडल्यावरच तो इतका वेळ आवाज करत होता हे कळतं, तसं मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. जेवताना बायको रोज काहीतरी सांगत असायची. "अहो, त्या लॉर्डनं काय केलं माहितेय? चक्क घोड्यावरून उतरला आणि चिखलात उभा राहिला!" आणि नळोजीराव "हं" म्हणायचे. आता कुठला लॉर्ड नव्हता, चिखल नव्हता आणि "हं" म्हणायलाही कारण उरलं नव्हतं.

"रागावलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. राग कशाचा?"

बावीस वर्षांच्या संसारातून नळोजीराव एक गोष्ट पक्की शिकले होते. बायको भांडली तर प्रकरण संध्याकाळपर्यंत मिटतं. "राग कशाचा?" म्हणाली तर त्याला अंत नसतो.

शेवटी त्यांनी ठरवलं, रोगाच्या मुळाशी जावं. तिच्या कपाटातलं वरचंच एक पुस्तक त्यांनी उचललं, दुकानात नेलं आणि फरशांच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये घालून उघडलं. बसायला दुकानात एकच निवांत जागा होती. मागच्या बाजूला नमुन्यासाठी मांडलेला, महागातला, पांढराशुभ्र कमोड. झाकण लावून त्यावर ते टेकले.

पहिली पन्नास पानं त्यांनी धंदेवाईक नजरेनं वाचली आणि त्यांचा जीव कासावीस झाला. ड्यूकच्या वाड्यात चाळीस खोल्या, पण नळ एकही नाही! नायिकेला अंघोळीला गरम पाणी हवं तर नोकर बादल्या घेऊन तीन जिने चढतात. एवढा पैसा आणि सांडपाण्याची सोय काय, याबद्दल लेखिका चकार शब्द काढत नाही. शिवाय कोणी कामच करत नव्हतं. सकाळी पत्रं यायची, दुपारी भेटायला माणसं यायची, रात्री नाच. नायिकेचा बाप कर्जात बुडाल्याचं सांगत होते, पण जेवणात सहा प्रकार चुकत नव्हते.

मग पाऊस आला, बग्गीचं चाक मोडलं, आणि ड्यूक आणि ती, ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, त्यांना एका खाणावळीत रात्र काढावी लागली. खाणावळीत खोली एकच शिल्लक.

"हॅ!" नळोजीराव म्हणाले आणि पान उलटलं.

दुसऱ्या पुस्तकातही चाक मोडलं. तिसऱ्यात खोट्या साखरपुड्याचं नाटक करता करता ते खरं झालं. चौथ्यात पुन्हा चाक. एव्हाना नळोजीरावांना सगळे रस्ते पाठ झाले होते. जो पहिल्या नाचात अपमान करतो, तोच नवरा. जो गोड बोलतो, तो लबाड. आत्या कडक असली तर शेवटी तीच मदत करणार. सगळं आधीच कळत होतं आणि तरी पुस्तक खाली ठेववत नव्हतं. एक गिऱ्हाईक शॉवर दाखवा म्हणत समोर उभं होतं आणि कमोडावर बसलेले नळोजीराव कॅटलॉगमधून मान वर न काढता म्हणाले, "दोन मिनिटं. जरा नाजूक चाललंय." गिऱ्हाईक लाजून बाहेर गेलं ते परत आलं नाही.

इथवर ठीक होतं. पण माणूस पुस्तक वाचतो तेव्हा कधीकधी पुस्तक त्याच्या अंगात येतं. नळोजीरावांना वाटलं, बायकोला काय हवंय ते आपल्याला कळलं. तिला ड्यूक हवाय.

आता ड्यूक होण्यात अवघड असं काय? कमी बोलायचं. खोलीकडं पाठ करून खिडकीतून बघायचं. जबडा आवळायचा. त्या संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा नळोजीराव हात मागं बांधून खिडकीशी उभे होते.

"काय बघताय? टाकी भरून वाहतेय का?"

"नाही," नळोजीराव खोल आवाजात म्हणाले.

"मग?"

नळोजीरावांनी जबडा आवळला.

"दाढ दुखतेय?"

उत्तर न देणं हाच ड्यूकचा बाणा, म्हणून ते गप्प राहिले. त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी त्यांना दातांच्या डॉक्टरकडं जावं लागलं. डॉक्टरनं एका दाढेतलं जुनं सिमेंट उकरून पुन्हा भरलं आणि त्याचे पैसे घेतले.

तरी ते खचले नाहीत. दोन दिवसांनी बायको टेबलाशी बसली असताना ते तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले. "तू आज वेगळी दिसतेस," ते पुटपुटले.

"लॅबचा कोट काढायचा राहिलाय." तिनं वळून त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "आणि तुम्ही असे घोगरे का बोलताय? घाम आलाय. बसा. बसा म्हणते ना."

तिनं पिशवीतून सुई काढली. नळोजीरावांना सुईची जन्मजात भीती. ड्यूक तलवारीच्या वारानंही हूं की चूं करत नाहीत हे आठवून त्यांनी डोळे मिटले. तिनं दंडाला पट्टी आवळली, शीर शोधली, बोटानं दोनदा टिचकी मारली. पुढचं त्यांना आठवत नाही, कारण ते बेशुद्ध पडले.

रिपोर्ट आला तो अगदी स्वच्छ. साखर नाही, थायरॉइड नाही, काही नाही. बायकोनं तो कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"शरीरात काही नाहीये. मग तुम्हाला झालंय काय?"

नळोजीरावांना खरं सांगायचं नव्हतं. पण चौथं पुस्तक आदल्या दिवशी संपलं होतं आणि ते अशा जागी संपलं होतं की अर्लची धाकटी बहीण पहाटे घरातून निघून जाते. पुढचा भाग कपाटात नव्हता. दोन वेळा सगळी थप्पी खाली काढून त्यांनी शोधला होता.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ती धाकटी बहीण... ती त्या खलाशाकडंच जाते ना?"

बायकोचा हात रिपोर्टवर होता तसाच राहिला.

"तुम्ही वाचलंत?"

"चार वाचली."

"हसायला?"

"पहिलं हसायला," नळोजीराव प्रामाणिकपणे म्हणाले. "बाकीची तशीच."

तिच्या चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं, हे त्यांना वाचता आलं नाही. पुस्तकात अशा वेळी लेखिका दोन ओळींत सगळं सांगून टाकते. इथं ती सोय नव्हती.

"पुढचा भाग नर्सबाईंकडं आहे," बायको उठत म्हणाली. "शनिवारी त्या येतील आपल्याकडं. मागून घ्या."

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी चौघीजणी आळीपाळीनं एकमेकींच्या घरी जमत आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलत. एक मोठ्या दवाखान्यातल्या नर्सबाई, एक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, एक कपडे शिवणाऱ्या काकू आणि चौथी नळोजीरावांची बायको. नळोजीराव या दिवशी हटकून बाहेर जायचे. आज ते धुतलेला शर्ट घालून कडेच्या खुर्चीत बसले. चौघी आधी जरा अवघडल्या. मग कपात चहा ओतला गेला आणि त्या त्यांना विसरल्या.

वाद रंगला तेव्हा नळोजीरावांना राहवेना.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "खरोखर असा नवरा मिळाला तर चालेल तुम्हाला? ड्यूक?"

अशी हसण्याची लाट उठली की काकूंच्या चष्म्यावर वाफ धरली.

"ड्यूक!" काकू म्हणाल्या. "त्या चाळीस खोल्यांचे पडदे कोण शिवणार? मीच ना?"

"आणि सारखा खिडकीशी उभा," गणिताच्या बाई म्हणाल्या. "घरात माणूस आहे का खांब, कळायचं नाही."

नळोजीरावांनी खाली पाहिलं. बायकोनं बिस्किटांची बशी उगाचच सरळ केली.

"मग वाचता कशाला?"

"मी सांगते," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक होता, पण बोलू लागल्या की बाकीच्या थांबत. "मी अतिदक्षता विभागात असते. तिथं माणूस आत येतो तेव्हा शेवट काय होणार, कुणालाच माहीत नसतं. नातेवाईक माझ्या तोंडाकडं बघत उभे असतात. घरी आल्यावर मला अशी गोष्ट हवी, की जिचा शेवट पहिल्या पानावर ठरलेला आहे. मधे काय वाट्टेल ते होऊ दे."

"मला त्यांचं बोलणं आवडतं," काकू म्हणाल्या. "एक बोलतो, दुसरी ऐकते, मग ती बोलते, तो ऐकतो. फोन वाजत नाही. माझ्याकडं कुणाचं एक वाक्य पुरं होईल तर शपथ."

"मी शेवटची वीस पानं पुन्हा पुन्हा वाचते," गणिताच्या बाई म्हणाल्या. "तो माफी मागतो ती. केवढा मोठा माणूस, राजाच्या शेजारी बसणारा, आणि म्हणतो, मी चुकलो. आणि कुठं म्हणतो? पहिल्या नाचात भरल्या दिवाणखान्यात तिचा अपमान केलेला असतो, म्हणून माफीही भरल्या दिवाणखान्यातच. गणित सुटलं पाहिजे ना! चारचौघांत टाकून बोलायचं आणि मग कोपऱ्यात नेऊन कानात 'सॉरी' म्हणायचं, तो हीरो नव्हे. तो नवरा."

तिघी हसल्या. बायको उठली, रिकामे कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. एरवी पाणी वाया गेलेलं नळोजीरावांना खपत नाही. आज ते काही बोलले नाहीत.

पुढच्या वेळी सासूबाईंकडं जेवायचं ठरलं तेव्हा नळोजीराव दोन दिवस दुकानात तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. जेवणं झाली. मेहुण्यानं सैल होऊन पाय पसरले.

"हं, नळोजीराव, आज नाही का वाचन? गेल्या वेळी काय धमाल आणलीत!"

नळोजीराव उठून उभे राहिले. आपण उभे राहिलोय आणि हात कुठं ठेवायचे हे ठरलेलं नाही, हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं.

"त्याबद्दलच बोलायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी मी हिचं पुस्तक वाचून हिची टिंगल केली. सगळ्यांसमोर. ते चुकलं माझं."

"काय म्हणतायत जावई?" सासूबाईंनी मुलाला विचारलं. "दुकान बुडालं?"

"नाही गं आई. माफी मागतायत."

"कुणाची? बँकेची?"

"हिची," नळोजीराव आवाज चढवून म्हणाले, आणि आवाज चढल्यामुळं सगळंच भाषणासारखं वाटू लागलं. "ही मला इतकी वर्षं जेवताना गोष्टी सांगते. मी हं हं करतो. एकही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या दिवशी तुम्हाला हसवायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, म्हणून तिची आवडती गोष्ट उचलली आणि सगळ्यांसमोर तिची फजिती केली. ती हसली, तेव्हा मला वाटलं गंमत झाली. गंमत नव्हती झाली."

बायकोचे कान लालबुंद झाले होते. इथं थांबले असते तर सगळं सोनं झालं असतं. पण नळोजीराव रंगात आले होते.

"आणि ती पुस्तकं टाकाऊ नाहीत. मी सहा वाचली. त्यांत एकच उणीव आहे, की एवढ्या मोठ्या वाड्यांत पाणीपुरवठ्याची व्यवस्था काय होती याचा कुठंही उल्लेख नाही. आता बघा, तिसऱ्या मजल्यावर टाकी नसताना..."

"पुरे," बायको म्हणाली. "बसा आता."

ते बसले. मेहुण्यानं वातावरण हलकं करायला टाळ्या वाजवल्या, "वा, नळोजीराव, वा!" पण त्याच्या टाळ्या एकट्याच्याच वाजल्या. त्याची बायको हातातला चमचा खाली ठेवून त्याच्याकडं बघत होती.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"मी काय केलं?"

"बसून आठवा."

मेहुणा बसून आठवू लागला. आठवायला पुष्कळ होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. नळोजीरावांशी पुढं काही महिने तो तुटकच बोलला. असले पायंडे पाडणारा माणूस कुठल्याच घरात पुरुषांना आवडत नाही.

दोघं चालतच घरी निघाले. फुटपाथ अरुंद होता, म्हणून कधी ती पुढं, कधी ते.

"शेवट लांबवलात," ती एकदाची म्हणाली. "ड्यूक तीन वाक्यं आधी थांबला असता."

"हो?"

"आणि पाणीपुरवठ्याचं काही कारण नव्हतं."

"ते मला खरंच खटकलं होतं."

"माहितेय." पुढं खांब आला म्हणून दोघं वेगळे झाले आणि खांबापलीकडं पुन्हा एकत्र आले. तिनं त्यांच्या कोपरात हात अडकवला, जसं काही पाय घसरायची भीती होती. फुटपाथ कोरडा ठणठणीत होता. "अहो, त्या धाकट्या बहिणीचं सांगू का? ती बंदरावर जाते ना, तर तिथं—"

"सांगू नकोस!" नळोजीराव ओरडले. "अर्ध्यावर आलोय मी!"

ती थबकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नवरा तिची गोष्ट कान देऊन ऐकायला तयार होता, आणि नेमकी आता त्याला ती सांगायची सोय राहिली नव्हती. जेवताना पुन्हा शांतता पसरली. आता दोघंही ताटाशेजारी आपापलं पुस्तक उघडं ठेवून जेवत.

नळोजीराव मंडळाचे पाचवे सभासद झाले. पहिले काही महिने ते गुणी मुलासारखे वागले. मग नर्सबाईंनी एक पुस्तक आणलं, ज्यात नायक ड्यूक नव्हता, लॉर्ड नव्हता, साधा साबणाचा व्यापारी होता. नळोजीरावांना ते हातात घेताना भरून आलं. त्यांनी ते दुकानात गल्ल्यावर उघडपणे वाचलं, येणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यातले उतारे वाचून दाखवले. व्यापारी हुशार होता, सचोटीचा होता, आणि नायिकेनं त्याच्यासाठी एका अर्लला नकार दिला. शनिवारी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता आणि पुस्तक त्यांनी टेबलावर आपटलंच.

"शेवटचं प्रकरण वाचलंत? तो व्यापारी नाहीच! लहानपणी हरवलेला ड्यूकचा मुलगा निघतो! वाडा मिळतो, गादी मिळते, साबणाचा कारखाना विकून टाकतो! म्हणजे दुकानदाराला प्रेम करायचं तर आधी खानदान उकरून काढायचं? ती सबंध पुस्तकभर म्हणते, मला तुमचा धंदा खुपत नाही, मग लेखिकेला का खुपला?"

चौघी ऐकत होत्या. कुणी मधे बोललं नाही, हे काकूंच्या लक्षात आलं आणि त्यांना बरं वाटलं.

"मुद्दा बरोबर आहे," गणिताच्या बाई म्हणाल्या. "पण गादी मिळाली नसती तर मी नाराज झाले असते."

"मीही," नर्सबाई म्हणाल्या. "काय करणार? वाडा तर पाहिजेच."

"तू सांग," नळोजीराव बायकोकडं वळले. "तू दुकानदाराशी लग्न केलंस ना?"

"केलं की," बायको म्हणाली. "म्हणून तर वाचायला दुसरं काहीतरी लागतं."

तिनं हे हसत म्हटलं, आणि या वेळचं हसू नळोजीरावांना वाचता आलं. त्यांनी ठराव मांडला, की पुढच्या महिन्याचं पुस्तक त्यांनी निवडावं. त्यात नायक शेवटपर्यंत दुकानदारच राहील, असं कुठंतरी नक्की सापडेल. ठरावावर मतदान झालं. चार विरुद्ध एक असा तो पडला, आणि विरोधात सगळ्यांत आधी वर गेलेला हात बायकोचा होता.